ढेकरपट्टी

२०२२ ची दिवाळी तोंडावर आली होती. माणदेशातल्या एका गावात जनावरांचे वंध्यत्व तपासणी शिबिर आटोपून आम्ही हातपाय धुतले होते आणि चहाची वाट पाहत होतो. न्यूझीलंडच्या सरकारने गाई-मेंढ्यांच्या ढेकरांवर आकारणी करण्याचा प्रस्ताव मांडला आहे, ही बातमी त्याच सुमारास कोणाच्या तरी मोबाइलवर येऊन पोचली होती. खोड्याला टेकून उभे असलेले एक आजोबा तंबाखू मळता मळता म्हणाले, "डॉक्टर, घरपट्टी झाली, पाणीपट्टी झाली. आता ढेकरपट्टी बी भरायची व्हय?"

सगळे हसले, मीही हसलो. उत्तर मात्र दिले नाही. तीस वर्षे जनावरांच्या डाव्या भकाळीवर मूठ दाबून कोठीपोटाची हालचाल मोजत आलो. मिनिटाला एक-दोन लाटा हाताला लागल्या की निर्धास्त व्हायचे, एवढेच मला माहीत. त्या पोटातून वर काय जाते आणि किती जाते, हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. या पुस्तकाचे हस्तलिखित वाचताना ते आजोबा पानोपानी आठवत राहिले, म्हणून प्रस्तावनाही त्यांच्याच प्रश्नापासून सुरू करतो.

आधी एक कबुली. आजोबांचा शब्द न्यूझीलंडच्या लोकांच्या शब्दापेक्षा जास्त शास्त्रशुद्ध होता. न्यूझीलंडमध्येच २००३ साली अशी आकारणी करण्याची कल्पना निघाली तेव्हा तिथल्या लोकांनी तिचे नाव चक्क 'पादकर' ठेवले होते. शेतकरी वेलिंग्टनला संसदेवर चालून गेले, एका खासदाराने ट्रॅक्टर संसदेच्या पायऱ्यांवर चढवला, आणि ती कल्पना गुंडाळली गेली. पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातला मिथेन मागून फारसा जातच नाही. त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग ढेकरातून आणि श्वासातून, म्हणजे तोंडा-नाकावाटे बाहेर पडतो. तेव्हा पट्टी बसायचीच असेल तर ती ढेकरपट्टीच.

ढेकर ही चेष्टेची गोष्ट नाही, हे ज्याच्या दावणीला जनावर फुगून मेले आहे त्याला सांगावे लागत नाही. दवातला कोवळा लसूणघास अधाशासारखा खाल्लेली गाय मी कितीतरी वेळा पाहिली आहे. डावी भकाळी नगाऱ्यासारखी ताणलेली, मान पुढे काढलेली, जीभ बाहेर. पोटातला वायू मोकळा असेल तर नळी घालून किंवा ट्रोकार टोचून सुटका होते. फेस झाला असेल तर आधी गोडेतेल पाजून तो मोडावा लागतो. उशीर झाला तर तासा-दोन तासांत खेळ संपतो. मिथेन कमी करायचा म्हणजे गाईचा ढेकर बंद करायचा, असे ज्यांना वाटते त्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे. ढेकर येत राहिलाच पाहिजे. त्यात काय असावे, एवढ्यापुरताच प्रश्न आहे.

त्यात काय असते हे समजून घ्यायला दुपारच्या वेळी गोठ्यात निवांत बसावे. गाय बसलेली असते, डोळे अर्धवट मिटलेले. मानेच्या खालच्या बाजूने एक गोळा सरसर वर सरकताना दिसतो, मग चाळीस-पन्नास वेळा चर्वण, गिळणे, चार-सहा सेकंदांची विश्रांती, आणि पुढचा गोळा. या सगळ्यात ती मिनिटाला साधारण एकदा ढेकर देऊन जाते, पण आपल्याला पत्ता लागत नाही. गाईचा ढेकर जेवणावळीतल्या पाहुण्यासारखा वाजत नाही. वर आलेल्या वायूचा बराचसा भाग ती आधी फुप्फुसात ओढून घेते आणि मग हळूच श्वासाबरोबर सोडते.

मोठ्या संकरित गाईचे कोठीपोट म्हणजे शंभर लिटरहून मोठी, ३९ अंशांना तापलेली, प्राणवायू नसलेली टाकी. तिथे कडब्याचे तंतू मोडणारे जिवाणू, आदिजीव आणि बुरश्या दिवसरात्र राबत असतात. कडबा मोडला की आम्ले तयार होतात, ती गाईच्या रक्तात जातात आणि त्यांच्यावर गाय जगते. सोबत हायड्रोजन सुटतो. तो साचून राहिला तर सगळा कारखाना मंदावेल. तो उचलून नेण्याचे काम एक वेगळीच जमात करते. दिसायला जिवाणूंसारखी, पण जिवाणू नव्हे. कार्ल वूज यांनी १९७७ साली या जमातीला जीवसृष्टीत स्वतंत्र घर दिले, आज तिला आर्किया म्हणतात. हे आर्किया हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेतात आणि मिथेन सोडतात. म्हणजे गाईच्या दृष्टीने ते झाडूवाले आहेत. त्यांनी उचललेला कचरा आपल्या आकाशात जाऊन पडतो, ही आपली तक्रार.

हा वायू मराठी माणसाला परका नाही. आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ साली इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या दलदलीत काठी ढवळून जे बुडबुडे बाटलीत धरले ते मिथेनचे. आपल्या परसातल्या गोबर गॅसच्या टाकीत पेटतो तोही तोच, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून मिळवून वापरला गेला तोही तोच. टाकीतला गॅस आपण घरात घेतो, गाईच्या तोंडातला वाऱ्यावर जातो. वाऱ्यावर किती जातो? हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २००६ साली ठरवून दिलेल्या ढोबळ आकड्यानुसार भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईमागे वर्षाला ५८ किलो, म्हशीमागे ५५ किलो. ५८ किलो मिथेनमध्ये जेवढी उष्णता आहे तेवढी स्वयंपाकाच्या चारेक सिलिंडरांत असते. वैरणीच्या भाषेत सांगायचे तर रोज अर्ध्या किलोच्या आसपास कोरडा चारा गाय खाते आणि त्याचे दूध, शेण, अंगावरचे मांस काहीही न होता तो हवेत उडून जातो.

हा दुसरा हिशेब हवामानाच्या चर्चेपेक्षा फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात हेन्री आर्म्सबी यांनी अख्खा बैल मावेल अशी बंद खोली बांधून त्याची उष्णता आणि श्वास मोजायला घेतला, तेव्हा जागतिक तापमानवाढ हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. बैलाने खाल्लेल्या चाऱ्यातले त्याला लागू किती पडते, हे त्यांना हवे होते. तेव्हापासूनच्या मोजमापांतून दिसते की चाऱ्यातल्या एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के मिथेनच्या रूपाने निसटते. दोन आणि बारा यांच्यातली ही दरी हाच सगळ्या विषयाचा गाभा आहे. सगळ्या गाईंचे सारखेच गेले असते तर करण्यासारखे काही उरले नसते.

आता मोजतात कसे? पुस्तकातले हे प्रकरण मला सर्वांत आवडले, कारण इथे शास्त्रज्ञांची गाईपुढे चाललेली धडपड उघडी पडते. सर्वांत खात्रीची पद्धत अजूनही खोलीचीच. गाईला हवाबंद खोलीत ठेवायचे, एका बाजूने हवा आत सोडायची, दुसऱ्या बाजूने ओढायची आणि दोन्हींतला फरक मोजायचा. पण गाय कळपातले जनावर. एकटी कोंडली की ती वैरणीवरचे तोंड काढते, आणि खाणे घटले की मिथेनही घटतो. म्हणून खोल्यांना पारदर्शक भिंती करून शेजारी दुसरी गाय दिसेल अशी सोय करावी लागते. एवढे करून मिळतो तो दोन-चार दिवसांचा, दोन-चार गाईंचा आकडा.

गोठ्यातल्या, चरणाऱ्या गाईसाठी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या विद्यापीठातल्या क्रिस्टन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दुसरी वाट मांडली. सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा वायू ठरावीक वेगाने झिरपवणारी एक छोटी कुपी गाईला गिळायला लावायची. मोरकीला एक बारीक नळी बांधायची, तिचे टोक नाकपुडीजवळ. मानेवर जोखडासारखा निर्वात डबा. तो चोवीस तास थेंबथेंब हवा ओढून घेतो. डब्यातल्या हवेत कुपीतल्या वायूचे आणि मिथेनचे प्रमाण काय, एवढे कळले की गणित सुटते. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने याच पद्धतीने शेतकऱ्यांच्या दारातल्या गाई-म्हशी मोजल्या आहेत. म्हैस डबक्यात बसली की मानेवरच्या डब्याचे काय होते, ते वेगळे सांगायला नको. शिवाय हा खुणेचा वायू स्वतःच कार्बन डायऑक्साइडच्या तेवीस हजार पटींहून अधिक तापवणारा. चोर पकडायला डाकू नेमावा तसे हे झाले, पण कुपीतून तो दिवसाला काही मिलिग्रॅमच झिरपतो, म्हणून चालवून घेतात.

तिसरी तऱ्हा म्हणजे गाईला लाच देण्याची. ग्रीनफीड नावाच्या यंत्रात डोके घातले की थोडी गोळीपेंड पडते, आणि ती खात असते तेवढ्या तीन-चार मिनिटांत पंखा तिचा श्वास ओढून मोजून घेतो. लोभी गाय दिवसातून पाच वेळा येते, संकोची गाय येतच नाही, आणि सरासरी मग लोभी गाईंची निघते. चौथी तऱ्हा लेझरची. मीटरभर अंतरावरून नाकपुडीसमोर किरण धरायचा आणि पडद्यावरचे आकडे वरखाली होताना पाहायचे. मी एका प्रक्षेत्रावर हे यंत्र हातात धरले आहे. आकडा शांत असतो, मग एकदम उसळी मारून खाली येतो. ती उसळी म्हणजे ढेकर. तीस वर्षांत न ऐकलेला आवाज मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. पण समोरून वारा आला की सगळे उधळते. आणि आता तर उपग्रहही आले आहेत. कॅलिफोर्नियातल्या हजारो जनावरांच्या एका उघड्या गोठ्यावरचा मिथेन २०२२ मध्ये वरून टिपला गेला. सांगोल्यातल्या दोन गाई आणि एका म्हशीसाठी त्या उपग्रहाचा काही उपयोग नाही. आपल्याकडचा मिथेन दोन-दोन, तीन-तीन जनावरांच्या दावणींत विखुरलेला आहे.

मोजमापाचा एवढा घोळ का घालायचा, असे कोणी विचारील. त्याला भाताची गोष्ट सांगावी. १९९० च्या सुमारास अमेरिकी पर्यावरण खात्याच्या अंदाजात भारतातली भातखाचरे वर्षाला पावणेचार कोटी टनांच्या घरात मिथेन सोडत होती. तो अंदाज युरोप-अमेरिकेतल्या थोड्याशा मोजणीवरून ताणून काढलेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा यांनी १९९१ मध्ये देशभरातल्या संशोधकांना खाचरांत उतरवले, आणि प्रत्यक्ष मोजणीत आकडा निघाला चाळीस लाख टनांच्या आसपास. एका दशमांशाच्या जवळपास! त्याच वर्षी पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी 'ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड' ही पुस्तिका काढून विचारले होते की गरिबाच्या खाचरातला आणि गोठ्यातला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीतला धूर एकाच मापाने कसा मोजता? तो प्रश्न नैतिक होता. मित्रा यांचे उत्तर फूटपट्टीचे होते. दोन्ही लागतात. पण फूटपट्टी हाती नसताना नैतिक प्रश्नाला परदेशी टेबलावर कोणी विचारत नाही, हेही खरे.

गाईंच्या बाबतीत मात्र फूटपट्टी आपल्याला दोन्ही बाजूंनी टोचते, आणि या पुस्तकाच्या लेखकांनी ते लपवलेले नाही. उत्तर अमेरिकेतल्या दुभत्या गाईमागे त्याच आयपीसीसीच्या तक्त्यात वर्षाला सव्वाशे किलोच्या आसपास मिथेन धरला आहे. आपली गाय तिच्या निम्म्याहून कमी. इथे थांबलो तर आपण जिंकलो. पण त्याच तक्त्यात तिथल्या गाईचे वर्षाचे दूध आठ हजार किलोंच्या वर आहे आणि आपल्या गाईचे नऊशे. भागाकार केला तर तिकडे किलोभर दुधामागे १५ ग्रॅम मिथेन, इकडे ६४. गाय मोजली तर ते दोषी, दूध मोजले तर आपण. अंश सारखाच ठेवून छेद बदलला की आरोपी बदलतो.

मग छेद कोणता धरायचा? मला विचाराल तर दूध हा छेद अमेरिकेला शोभतो. आपल्या गाईला सरसकट लावला तर अन्याय होतो. खिल्लार गाय दोन लिटर दूध देते, पण तिच्या पोटी बैल येतो. डांगी जनावर सह्याद्रीच्या मुसळधार पावसात भातखाचरात चिखलणी करते. शेण शेतात जाते किंवा त्याच्या गोवऱ्या होतात. उन्हात वाळणाऱ्या गोवरीतून मिथेन जवळजवळ निघत नाही, परदेशातल्या शेणाच्या तळ्यांतून भरपूर निघतो. आणि हे सगळे जनावर ज्यावर उभे आहे तो कडबा, सरमाड, उसाचे वाढे माणसाला खाता येत नाही. धान्य चारले तर मिथेन घटतो, हे शास्त्र पक्के आहे. कडब्याचे तंतू मोडताना जास्त हायड्रोजन सुटतो, मक्याच्या भरड्यात कमी. पण मका आणि माणूस यांच्यामध्ये गाय उभी करायची का, हा प्रश्न गाईच्या पोटात सुटत नाही.

आणि तरीही छेदाचा आसरा घेऊन हात झटकता येणार नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटी २५ लाख गाई-बैल, १० कोटी ९८ लाख म्हशी, १४ कोटी ८९ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४३ लाख मेंढ्या निघाल्या. गुणाकार केला की थोडेही फार होते. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पट. त्याची एकच चांगली गोष्ट म्हणजे तो बारा-एक वर्षांत विरून जातो, त्यामुळे आज कमी केला तर फळ आपल्याच हयातीत दिसते. २०२१ मध्ये ग्लासगोला १०० हून अधिक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याची शपथ घेतली. भारताने सही केली नाही. छोट्या शेतकऱ्याचा भात आणि गाय त्यात अडकतात, हे कारण मला पटते. सही न करणे म्हणजे काही न करणे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

करण्यासारखे काय आहे? जगात सध्या दोन नावे गाजतात. एक लाल समुद्रशेवाळ, ॲस्पॅरागॉप्सिस. त्यातला ब्रोमोफॉर्म आर्कियांच्या कामाची शेवटची पायरीच अडवतो. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या २०२१ च्या प्रयोगात मांसासाठीच्या जनावरांचा मिथेन ८० टक्क्यांहून अधिक घटला. ऐकायला जादू, पण हे शेवाळ टनांनी पिकवायचे कुठे, वाळवून साठवताना त्यातला गुण उडून जाऊ नये म्हणून काय करायचे, आणि दुधात काय उतरते, हे प्रश्न अजून चालूच आहेत. दुसरे नाव थ्री-एनओपी, बाजारात 'बोव्हेर'. चिमूटभर भुकटी, मिथेन सुमारे ३० टक्के कमी. ब्राझील, चिली, मग युरोप, २०२४ मध्ये अमेरिका, अशी परवानगी मिळत गेली. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटनमध्ये लोक त्याच्या धास्तीने दूध मोरीत ओतत असल्याची चित्रे समाजमाध्यमांवर फिरत होती. औषध तपासून मान्य केलेले होते, पण गिऱ्हाईकाला कोणी विश्वासात घेतले नव्हते. आपल्याकडच्या दूध संघांनी ही चित्रे जपून ठेवावीत.

माझी अडचण वेगळी आहे. ही भुकटी पोटात असेल तेवढे तासच काम करते, म्हणून ती प्रत्येक घासात मिसळावी लागते. दिवसभर एकजीव कालवलेले खाद्य गव्हाणीत असलेल्या गोठ्यात हे जमते. सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी आंबोण आणि दिवसभर बांधावर चरणे, अशा जनावरात जमत नाही. आणि वाचलेली ऊर्जा दुधात उतरतेच असा पुरावा नाही. शेतकऱ्याने पदरचे पैसे घालून आकाश स्वच्छ करावे, हे कोणी गोड भाषेत सांगितले तरी चालणारे नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण आणि शरीरक्रियाविज्ञान संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचे पूरक तयार केले, ते १७ ते २० टक्के मिथेन घटवते असे संस्था सांगते. तिथेच चिंचोक्यांच्या टरफलांवरही काम झाले आहे. टाकाऊ टरफलातून टिकाऊ काही निघाले तर ते आपल्या गोठ्यात लवकर रुळेल.

न्यूझीलंडवाल्यांनी दुसरी वाट धरली. मेंढ्यांना एकेक करून खोक्यात तासभर बसवून मिथेन मोजला, कमी सोडणाऱ्या निवडल्या, त्यांची पैदास केली. हा गुण आईबापांकडून पिल्लांत उतरतो, आणि कमी सोडणाऱ्या मेंढ्यांचे कोठीपोट मुळात लहान असते, असे निघाले. कॅनडात २०२३ पासून होल्स्टाइनच्या वळूंची पारख करताना मुलींच्या दुधाच्या तपासणीवरून मिथेनही पाहतात. आपल्याकडे अजून वळूच्या आईच्या दुधाची नोंद मिळताना मारामार.

तेव्हा मला वाटते आपली खरी जागा साधीच आहे, आणि ती या पुस्तकाच्या चौथ्या-पाचव्या प्रकरणांत सविस्तर आली आहे. दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमात गावातल्याच पेंडी, वैरण आणि खनिज मिश्रण योग्य मापात बसवले, तर खर्च घटला, दूध थोडे वाढले आणि लिटरमागचा मिथेन कमी झाला. कालवड चार वर्षांची होऊन पहिल्यांदा विते, तोवर ती नुसता ढेकर देते. ती तीन वर्षांत व्याली, दोन वेतांतले अंतर अठरा महिन्यांवरून चौदावर आले, लाळ्या-खुरकुत आणि कासदाहात दूध गेले नाही, तर त्याच गाईचा तोच मिथेन जास्त दुधावर वाटला जातो. यात नवे काही नाही. आम्ही पशुवैद्य हेच बोंबलत आलो, फक्त मिथेनचे नाव न घेता. भाकड जनावरांचे काय, हा प्रश्न मात्र लेखकांनी दोन वाक्यांत उरकला आहे. राज्याच्या २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलही कत्तलीसाठी विकता येईना, त्याने दावणीत छेद नसलेले अंश वाढले. त्यावर लिहायला धाडस लागते, पुढच्या आवृत्तीत ते दिसावे.

हस्तलिखित वाचून झाल्यावर मी मुद्दाम त्या गावात गेलो. आजोबा गोठ्यातच होते. गव्हाणीत कडबा कुट्टी, दावणीला एक काळी-पांढरी संकरित गाय, रवंथ करत बसलेली. तिच्याकडून वर्षाला चारेक सिलिंडरांचा तरी गॅस उडतो म्हटल्यावर ते बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आन् हिच्याआधी खिल्लार होती माझ्याकडं, तिचं किती जायचं?"

मी खिशातली डायरी काढली. वजन विचारले, वैरण विचारली, वरचा आकडा लिहिला. खाली रेघ ओढली. "दूध किती होतं तिचं?"

"दूध?" ते म्हणाले. "वासराला पुरायचं. चार खोंड दिलं तिनं मला. त्या बैलांवर ही विहीर पाडली, पोरीचं लगीन केलं."

रेघेखालची जागा डायरीत अजून रिकामी आहे.